कोऱ्या जाळीची साक्ष

वलांडी रस्त्यावरच्या माळावर त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. देवणीची माणसं होती, उदगीरची होती, भालकीकडून कानडी बोलणारे टेम्पो भरून आले होते, आणि देगलूरकडची मंडळी आदल्या दिवसापासूनच मंडपात चटया टाकून बसली होती. जत्रेला जाताना लोक नारळ नेतात. इथं प्रत्येकाच्या हातात औषधांची पिशवी होती. कुणाची बीपीची पाकिटं, कुणाचे दम्याचे पंप, कुणाच्या फिटच्या गोळ्या. मंचासमोर सिमेंटचा हौद पाण्यानं भरून ठेवला होता आणि त्यावर झेंडूच्या माळांत फलक लटकत होता : ‘महाऔषध विसर्जन सोहळा’.

मंचावर लाकडी पाटांवर तांब्याचे तीन कलश मांडले होते. प्रत्येकात राखेनं गढूळ झालेलं पाणी. कलशाच्या तोंडावरच्या आडव्या लाकडी पट्टीला एक चंदेरी दंड टांगलेला, त्याच्या माथ्याला पिवळं रेशमी फडकं बांधलेलं. पहिल्या कलशाची तार दुसऱ्याच्या दंडाला, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, आणि शेवटी पांढरा लख्ख दिवा. माईकसाठी मंडपामागं जनरेटर धडधडत होता, पण दिव्याची तार तिकडं जात नाही हे महाराज दर पाच मिनिटांनी उचलून दाखवत होते. ज्या शक्तीनं दिवा लागतो तिच्यावर माईक का चालत नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

“सत्त्व, रज, तम!” ऊर्जानाथ महाराजांनी एकेका कलशावर बोट ठेवलं. “तीन गुण, तीन कलश. आत काय? आमचं भस्म! भस्मात ऊर्जा साठते आणि दिव्यातून वाहते. तेच भस्म चिमूटभर पोटात गेलं की बॉडी फुल चार्ज! बहात्तर हजार नाड्या म्हणजे बहात्तर हजार वायरी, भक्तहो. आणि औषध म्हणजे काय? शॉर्टसर्किट!”

“ऊर्जामाउली की जय!” माळ दणाणला.

“ते बुडबुडे बघा, दंडावरून वर येणारे. तो प्राण आहे. प्राण!”

पहिल्या रांगेत बसलेल्या सौदामिनीनं ते बुडबुडे बघितले आणि दात आवळले. तिच्या शेजारी तिची आई शरणम्मा, जिला लेकी अव्वा म्हणायच्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. पिशवीत इन्सुलिनच्या दोन कुप्या होत्या. दुपारपर्यंत त्या हौदात जाणार होत्या. आणि इन्सुलिन सोडल्यावर माणूस किती दिवस टिकतो, हे या मायलेकींना कुणी सांगायची गरज नव्हती. साडेतीन महिन्यांपूर्वी थोरली मालविका, सौदामिनीची अक्का, पाचव्या दिवशी गेली होती.

मालविका गणिताची शिक्षिका. वयाच्या बाराव्या वर्षापासून इन्सुलिनवर, आणि वर्गात सगळ्यांत जास्त हसणारी. असल्या बाबांची ती टर उडवायची. मग तिनं इन्सुलिन सोडलंच कसं? याचं उत्तर मंचामागच्या दहा फुटी बॅनरवर होतं. त्यावर नांदेडच्या गोदातीर विज्ञान संस्थेचा चाचणी अहवाल छापला होता. ‘नमुन्याची भार साठवण्याची क्षमता असाधारण.’ खाली दोन सह्या. एक प्राध्यापक मुकुल यांची. दुसरी सौदामिनीची.

मालविकाचा बाबावर विश्वास नव्हता. धाकट्या बहिणीच्या सहीवर होता.

त्या अहवालाची गोष्ट अशी. सौदामिनी संस्थेत इलेक्ट्रोड तपासायचं काम करायची. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कोळसा करायचा, त्यात वीज किती साठते ते मोजायचं, तो हजारो वेळा चार्ज करून रिकामा करायचा आणि किती टिकतो ते बघायचं. कोळशाची पूड नुसती तपासता येत नाही, म्हणून ती निकेलच्या स्पंजासारख्या सच्छिद्र जाळीवर लिंपतात, जाळी क्षाराच्या पाण्यात बुडवतात आणि यंत्राला जोडतात. एक दिवस मुकुल सर एक डबी घेऊन आले. संस्थेच्या एका विश्वस्ताची बायको महाराजांची भक्त होती, तिच्याकडून आलेली राख. सौदामिनीनं मिलिग्रॅमभर राख जाळीवर लिंपली आणि यंत्र सुरू केलं. आकडा आला तो तिच्या तुराट्यांच्या कोळशाच्या दहापट.

“सर, कोरी जाळी एकदा तपासू का? राखेशिवाय?” तिनं विचारलं होतं.

“वेळ कशाला घालवतेस? आजच पाठवायचंय त्यांना. सही कर.”

प्रबंधावर याच सरांची सही व्हायची होती. तिनं केली.

अक्काच्या तेराव्यानंतर ती नांदेडला परतली, पिशवीसुद्धा खाली न ठेवता प्रयोगशाळेत गेली आणि कोरी जाळी यंत्राला लावली. राख नाही, काही नाही. नुसती निकेलची जाळी. पडद्यावर रेघ उमटू लागली. तोच चढ, तोच उतार, तीच उंची. क्षारात बुडलेलं निकेल स्वतःच भार घेतं आणि सोडतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. राखेनं काहीच केलं नव्हतं. ती आयत्या बिळावरचा नागोबा होती. जाळीचं सगळं काम राखेच्या नावावर मांडलं गेलं होतं, आणि राख मिलिग्रॅमभरच असल्यामुळे भागाकारात आकडा डोंगराएवढा झाला होता. तपासायला चाळीस मिनिटं लागली. ही चाळीस मिनिटं तेव्हा दिली असती तर अक्का आज वर्गात फळ्यासमोर उभी असती.

सौदामिनी त्या दिवशी रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग अजूनही तसाच होता. स्वतःचा आला, सरांचा आला, पण सगळ्यांत जास्त आला तो मंचावरच्या या माणसाचा. कारण अक्का गेल्यावर हा माणूस घरी आला, पाटावर मांडी घालून बसला आणि अव्वाला म्हणाला, “मुलीची श्रद्धा कमी पडली. शेवटच्या दिवशी दवाखान्यात सुई टोचून घेतली ना? तिथंच ऊर्जा फुटली.” लातूरच्या डॉक्टरांनी तिला वाचवायला जी सुई टोचली होती, त्याच सुईवर त्यानं तिच्या मरणाचं खापर फोडलं. आणि अव्वानं ते खरं मानलं, कारण नाहीतर थोरली लेक उगाच मेली असं मानावं लागलं असतं.

“मला बी सुई नको आता, इसर्जनात टाकून देते,” अव्वा म्हणाली होती. “आपल्या घरात इभूत पिढ्यान्‌पिढ्या कपाळाला हाय. आन् तूच तर कागद दिलास न?”

“अव्वा, कागद चुकीचा होता. मी परत तपासलं.”

“आता म्हनून राहिलीस! माली गेल्यावर! तवा खरा होता, आता खोटा झाला व्हय?”

सौदामिनीनं संस्थेला पत्र लिहिलं, अहवाल मागं घ्या म्हणून. उत्तर आलं नाही. मग ती देवणीला अव्वाकडं येऊन राहिली आणि महाराजांच्या मठात जाऊ लागली. खाली बसायची, टाळ्या वाजवायची, आणि कलशाकडं बघत राहायची.

बघता बघता तिला दिसलं, की दंड झिजतात. वरून चंदेरी, पाण्यात बुडलेल्या भागाला पांढरा थर आणि किडल्यासारखे खड्डे. महिन्यातून एकदा ‘दंडपालट’ नावाचा विधी व्हायचा आणि नवे कोरे दंड यायचे. पण ते मुळात असतात काय, ते तिला कळलं जलीलभाईंमुळं. देवणीतले गिझर आणि पंप दुरुस्त करणारे जलीलभाई अव्वाच्या न्हाणीघरातला गिझर उघडून बसले होते. टाकीतून त्यांनी एक दांडा ओढून काढला. पांढरा थर, किडके खड्डे.

“हे बघा मॅडम. बोअरचं पानी लई खराब. दांडा पुरा खाऊन टाकला.”

“हा कशाचा असतो, जलीलभाई?”

“मॅग्नेशियम म्हनतेत. ह्यो टाकीच्या बदली सोता मरतो. पानी ह्याला खातं, टाकी वाचते. ह्यो संपला की नवा टाकायचा.”

सौदामिनीनं तो दांडा हातात घेतला. इलेक्ट्रोडचं शास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकात हे इतकं नेमकं सांगितलेलं नव्हतं. मॅग्नेशियम एका बाजूला, तांबं दुसऱ्या बाजूला, मध्ये खारं पाणी. मॅग्नेशियम विरघळत जातं आणि वीज देत जातं. एका कलशातून सव्वा-दीड व्होल्ट. दिव्याला तेवढे पुरत नाहीत, म्हणून तीन कलश. सत्त्व, रज, तम कुठले? तीन सेल एकापुढं एक जोडलेले. आणि बुडबुडे म्हणजे हायड्रोजन.

“जलीलभाई, विसर्जनाच्या दिवशी माझ्यासोबत मंचावर याल?”

जलीलभाईंनी पाना पिशवीत ठेवला. “माझं नाव पुढं करू नका. तुमी काई बी बोलाल तर चालंल. मी बोललो की लोक त्याला दुसरंच वळन लावतेत. पोराबाळाचा मानूस हाय मी.”

तिनं आग्रह केला नाही. तिनं महाराजांना गोड पत्र लिहिलं : ‘माझ्या हातून आपल्या भस्माची सेवा घडली. सोहळ्यात सर्वांसमोर ती चाचणी पुन्हा करून दाखवण्याची इच्छा आहे.’ महाराज हुरळले. संस्थेची बाई मंचावर येऊन साक्ष देणार! आदल्या दिवशी तिनं देवणीच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. अव्वाला मात्र एवढंच सांगितलं, की पिशवी हौदात टाकायच्या आधी माझं ऐकून घे.

“आता ऐका!” महाराजांचा आवाज माईकमधून आला. “ज्यांनी मोठ्या मशीनवर आमचं भस्म सिद्ध केलं, त्या सायंटिस्ट सौदामिनीताई आपल्यासमोर येत आहेत. विज्ञानानं अध्यात्मापुढं हात टेकले, भक्तहो!”

टाळ्या पडल्या. सौदामिनी उठली, मंचावर गेली, महाराजांपुढं वाकलीसुद्धा. इतका गोड नमस्कार तिनं आयुष्यात कुणाला केला नव्हता.

“महाराज, परवानगी असेल तर कलश धुऊन घेते. चाचणी स्वच्छ भांड्यात करायची असते.”

“अवश्य!”

भंडाऱ्याच्या स्वयंपाकातल्या दोन बायकांनी कलश घासून दिले. तिनं त्यात साधं बोअरचं पाणी भरलं, भंडाऱ्यातलंच खडेमीठ मूठमूठ टाकलं, दंड पुन्हा टांगले, तारा जोडल्या. दिवा लागला. आधीपेक्षा जास्त लख्ख लागला.

“ऊर्जामाउली की जय!” माळ पुन्हा दणाणला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. एका बाईच्या अंगात आल्यासारखं झालं.

सौदामिनीनं जयजयकार संपू दिला. मग माईक तोंडाशी धरला.

“कोणाची जय?” ती म्हणाली. “कलशात राख कुठं आहे?”

कुणाला काही कळेना. पुढच्या रांगेतला एक फेटेवाला उठून कलशात डोकावला. “अरे, खरंच की! नुसतं पानी हाय.”

“नुसतं मिठाचं पाणी. या बायकांनी माझ्यासमोर मीठ आणलं, तुमच्यासमोर मी टाकलं.”

महाराज हसले. असल्या लोकांचं हसू लवकर मावळत नाही. “ताई, कलशाला भस्माचा स्पर्श झालेला आहे. वर्षानुवर्षांचा संस्कार. धुतल्यानं जातो होय?”

“बरोबर. मग आता भस्मच घालू. एक चिमूट नाही, तीन-तीन मुठी घालू.” तिनं पाणी बदललं, महाराजांच्या चांदीच्या डबीतली राख कलशात ओतली. मग तिन्ही दंड बाजूला काढून ठेवले आणि त्यांच्या जागी स्वयंपाकातली स्टीलची तीन उलथणी टांगली. तारा जोडल्या.

दिवा लागला नाही. तिनं तारा हलवल्या, राख ढवळली. काही नाही. तिनं माईक दिव्याजवळ नेला, जणू त्याचं म्हणणं ऐकायचं होतं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

“भस्म आहे, कलश आहे, महाराज आहेत, तुमची श्रद्धा आहे. दिवा का लागत नाही?”

“दंड!” महाराज कडाडले. “हिमालयातल्या सिद्धांनी दिलेले दंड तू काढलेस आणि भजी तळायची उलथणी टांगलीस! घोर अपमान!”

सौदामिनीला हेच हवं होतं. तिनं एक दंड उचलला आणि माथ्याला बांधलेलं पिवळं रेशीम सोडायला लागली. महाराज झेपावले, पण तोवर फडकं तिच्या हातात आलं होतं. खालून निघाला पितळी षटकोनी बोल्ट, आटे पाडलेला. तिनं तो उंच धरला.

हिमालयात आटे पाडायचा कारखाना आहे का, असं सौदामिनी विचारणार होती. पण तेवढ्यात मंडपाच्या कडेनं एक पांढरी टोपी पुढं येताना दिसली. जलीलभाईंच्या खांद्याला पिशवी होती, आणि चेहरा घामानं डबडबला होता. ते मंचावर चढले. पिशवीतून जुना, खाल्लेला दांडा काढला. तोच पितळी षटकोनी बोल्ट, तेच आटे.

“ह्यो शरणम्माकाकूच्या गिझरातला हाय,” ते म्हणाले. “गिझरचा दांडा हाय ह्यो. दोन्ही सारखेच.”

“बघा!” महाराजांना आयतं कोलीत मिळालं. “कोण आलाय बघा आपल्या धर्मकार्यात! कोणाचा डाव आहे हे, ओळखा!”

माळावर कुजबुज उठली. जलीलभाई म्हणाले होते तेच झालं होतं. पण दुसऱ्या रांगेतून एक जाडजूड बाई, देवणीच्या किराणा दुकानाची मालकीण शिवकन्या, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ए महाराज! जलीलभाईनं दोन वर्साखाली माझ्या घरचा गिझर खोलला तवा असाच दांडा निघाला व्हता. मी सोता बघितलाय. त्याला मधी आनू नकोस. तू सांग, गिझरचा दांडा तुझ्या कलशात कसा आला?”

“माझ्या बी घरी निघाला व्हता,” कुणी म्हणालं.

“मला तर नऊशे घेतले त्या दांड्याचे!” दुसरा ओरडला, आणि माळभर हशा पिकला. हा हशा महाराजांच्या वर्मी लागला. शिव्या पचवता येतात. हसणारी गर्दी पचवता येत नाही. त्यांनी बॅनरकडं बोट केलं.

“मग हा अहवाल खोटा का? मोठं मशीन खोटं? खाली सही कोणाची आहे? सांग ना ताई, सही तुझी नाही?”

सगळा माळ तिच्याकडं बघायला लागला. अव्वासुद्धा.

“सही माझीच आहे,” सौदामिनी म्हणाली. “आणि अहवाल चुकीचा आहे.”

मग तिनं सगळं सांगितलं. जाळी कशी असते, राख कशी लिंपली, कोरी जाळी का तपासली नाही, आणि ती तपासायला नुसती चाळीस मिनिटं कशी लागली. “आत्ता तुम्ही इथं जे बघितलं तेच तिथं झालं. इथं काम करत होता दांडा आणि नाव होतं राखेचं. तिथं काम करत होती जाळी आणि नाव झालं राखेचं. या माणसानं ते जाणूनबुजून केलं. मी आळसानं केलं, आणि सरांना घाबरून केलं. माझी अक्का, मालविका, माझी सही वाचून इन्सुलिन सोडून बसली. पाचव्या दिवशी मेली. तिची श्रद्धा कमी पडली नव्हती. तिचा माझ्यावर विश्वास होता, तो जास्त पडला.”

शरणम्मा उठली. पिशवी हातात घेऊन मंचाच्या पायऱ्या चढली. लोकांनी वाट दिली. महाराजांच्या समोरून जाताना तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ती लेकीसमोर येऊन उभी राहिली.

“चाळीस मिंटं लागली म्हनलीस न? कोरी जाळी तपासायला?”

“हो अव्वा.”

“तवा का न्हाई तपासलीस?”

माईक चालू होता. हा प्रश्न दूरच्या टेम्पोपर्यंत ऐकू गेला. सौदामिनीकडं जे उत्तर होतं ते तिनं आधीच दिलं होतं, आणि ते पुरेसं नव्हतं. शरणम्मा महाराजांकडं वळली.

“आन् तू. माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून, माझा च्या पिऊन म्हनलास, पोरगीची श्रद्धा कमी पडली. त्या दवाखान्यातली सुई खराब म्हनलास. मी त्या डाक्टरला शिव्या घातल्या रे! माझ्या पोरीला वाचवून राहिला होता त्यो, आन् मी त्याला शिव्या घातल्या!” तिनं खाली वाकून पायातली चप्पल काढली, आणि सत्त्व, रज, तम असे तीन ठेवून दिले.

त्यानंतर माळ उसळला. लोक मंचावर चढू लागले. कुणी कलश लाथाडला, कुणी बॅनर फाडला. काहींनी हौदाकडं धाव घेतली, सकाळीच टाकलेल्या पिशव्या पाण्यातून काढायला. ओल्या गोळ्यांचा चिखल झाला होता आणि एक म्हातारा तो हातात धरून रडत होता. महाराज मंचाखाली शिरले. त्यांच्या धोतराची गाठ कुणाच्या तरी हातात राहिली.

खरं सांगायचं तर सौदामिनीला लोकांना थांबवायचं नव्हतं. चार लाथा आणखी पडल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं. पण मार माणूस पंधरा दिवसांत विसरतो, वर हुतात्मा होऊन नवा मठ काढतो. तिला त्याला असं सुटू द्यायचं नव्हतं. तिला तो कोर्टात उभा हवा होता, दर तारखेला, दर वर्षी, आणि दर वेळी अक्काचं नाव त्याच्यासमोर मोठ्यानं वाचलं जायला हवं होतं. म्हणून तिनं माईक घेतला आणि ओरडली, “हात लावू नका! मला तो जिवंत पाहिजे!” मंडपाबाहेर थांबलेले हवालदार तेव्हा कुठं आत आले.

पुढं चौकशीत निघालं, की महाराज आधी हैदराबादेत हॉटेलांचे गिझर बसवायचे. जुन्या दांड्यांची गोणीच मठात सापडली.

देवणीच्या ठाण्यात तक्रार लिहून घेताना हवालदारानं विचारलं, “आरोपी कोन कोन?”

“ऊर्जानाथ,” सौदामिनी म्हणाली. “मग अहवालावर सही करणारे प्राध्यापक मुकुल. आणि मी.”

हवालदारानं पेन थांबवलं. “तुमी तर फिर्यादी हाव, मॅडम.”

“दोन्ही लिहा. कोणतं टिकतं ते कोर्ट बघेल. माझा अहवालही जोडा, आणि हा कोऱ्या जाळीचा आलेखही. दोन्ही शेजारी शेजारी लावा.”

पुढच्याच आठवड्यात संस्थेनं अहवाल मागं घेतला आणि सौदामिनीचं संशोधनही थांबवलं. मुकुल सरांनी तिला फोन करून कृतघ्न म्हटलं. तिनं तो फोन अर्ध्यातच ठेवला.

वाचकहो, राख वाईट नसते. कपाळाला लावायची असेल तर खुशाल लावा, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण कुणी तुम्हाला दिवा लावून दाखवला आणि म्हणाला, ही माझ्या राखेची करामत, तर त्याच्या पायावर पडण्याआधी एकच करा : राख काढा आणि बघा दिवा लागतो का. लागला, तर करामत दुसऱ्या कशाची तरी आहे, आणि ती तुमच्यापासून लपवली आहे. दाखवणारा बाबा असो, प्राध्यापक असो, की तुमची पाठची बहीण असो. मोठं मशीन बघून दबू नका, सही बघून तर मुळीच नका. राखेशिवाय करून दाखवलंत का, एवढं विचारा. हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. किराणा दुकानातल्या शिवकन्याबाईनंही असाच एक प्रश्न विचारला होता. तो न विचारण्याची किंमत मात्र नेहमी दुसराच कुणीतरी मोजतो.

ठाण्यातून मायलेकी संध्याकाळी घरी आल्या. शरणम्मा दिवसभर उपाशी होती. घरात आल्यावर तिनं पिशवीतल्या दोन्ही कुप्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि पाटावर बसली. सौदामिनीनं सुई काढली, कुपी हातात घेतली.

“थांब,” अव्वा म्हणाली. तिनं बोट पुढं केलं. “आदी मोज. किती हाय ते बघ. मग टोच.”

सौदामिनीनं यंत्र आणलं आणि अव्वाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला. आकडा आला. अव्वानं यंत्र तिच्या हातातून ओढून घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचला, आणि म्हणाली, “अजून एकदा मोज.”